पाणपोईची पाठ

१

माझ्या यजमानांच्या चाळिसाव्याला साठ माणसं जेवून गेली आणि त्यांतला एकजण हिरवी वही घेऊन गेला.

चमचे सगळे परत मिळाले. चहाचे ग्लास मिळाले. शेजारणींकडून आणलेली मोठी पातेली दोन दिवसांत ज्याच्या त्याच्या घरी पोचली. वही तेवढी गेली. चोरानं घरातली सगळ्यात हलकी वस्तू उचलली आणि माझ्या छातीवर धोंडा ठेवला.

माझे यजमान सी मफद्दल, ज्यांना लोक आदरानं सीदी म्हणत, म्हणजे जुन्या इमारतींच्या कलेचे मोठे जाणकार. पॅरिसहून आणि इस्तंबूलहून विद्वान यायचे, फेझमधल्या आमच्या घराचा जिना धापा टाकत चढायचे, वर त्यांच्या खोलीत बसून माझ्या हातचे बदामाचे लाडू खायचे आणि त्यांचं बोलणं लिहून घ्यायचे. मी तीन इयत्ता शिकले. कुराणातल्या लहान सूरा आणि औषधाच्या बाटलीवरचं नाव, एवढं मला वाचता येतं. पण त्या खोलीत कुठला कागद कुठे आहे हे मला विचारल्याशिवाय त्यांनासुद्धा कळत नसे.

त्यांचं नाव झालं ते दर्ब सफ्साफ नावाच्या गल्लीतल्या पाणपोईमुळे. गल्लीच्या वळणावर भिंतीत नळ आहे आणि त्याच्यावर पुरुषभर उंच जलीज, म्हणजे भाजलेल्या रंगीत मातीचे तुकडे जुळवून केलेली नक्षी. तरुणपणी यजमानांनी पहिलं पुस्तक लिहिलं आणि सिद्ध केलं की ही पाणपोई सहाशे वर्षांची, सुलतानाच्या पदरच्या कारागिरांच्या हातची. तेव्हापासून शहरातल्या बाकी भिंतींची वयं त्या पाणपोईशी ताडून ठरवायला लागले.

ती पाणपोई माझ्या वडिलांनी केली होती.

मी सहा वर्षांची होते, दुपारी त्यांची भाकरी घेऊन जायची. राज्य फ्रेंचांचं. साहेबानं वडिलांना सांगितलं होतं, जुनी पार पडलीय, नवी कर, पण जुन्यासारखी कर. माझे वडील, मुअल्लिम थामी; मुअल्लिम म्हणजे मुख्य कारागीर, आणि जलीजचा कारखाना त्यांचाच. त्यांनी अशी केली की पुढे त्यांचा जावईच फसला. पुस्तक छापून आलं तेव्हा कारखान्यात कुणीतरी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. वडील ठसका लागेपर्यंत हसले. मग मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "तोंड उघडलंस तर माझी मुलगी नाहीस. तुझ्या चुलीवरचं भांडं त्या पुस्तकावर उकळतंय."

मी तोंड उघडलं नाही. दर शुक्रवारी सासरा-जावई एका ताटात कुसकुस जेवायचे, पाणपोईच्या गप्पा मारायचे, आणि मी पाणी वाढत गप्प उभी असायची. काय दिवस होते! अंगणात संत्र्याच्या फुलांचा सडा असायचा, वडिलांच्या नखांत चुना, आणि यजमानांच्या बोटांना शाई.

गेल्या हिवाळ्यात ओल धरून पाणपोईचा एक तुकडा गळून पडला. यजमान काठी टेकत बघायला गेले, आले ते पांढरेफटक पडून, आणि लिहायला बसले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझा हात धरला. "बतूल, शेवटच्या हिरव्या वहीत लिहिलंय. तुझ्या वडिलांचं नाव घातलंय. छापायला लाव."

आता ती वहीच नाही. आणि पुढच्या सोमवारी राजधानीहून जुने कागद जपणाऱ्या संस्थेची माणसं येऊन सगळे कागद नेणार होती. एकदा नेल्यावर जे नेलं तेवढंच खरं. वही मिळाली नाही तर माझ्या बापाचं नाव जगात कुठेच राहणार नव्हतं.

२

चोरी उघडकीला आणली शुऐबनं. शुऐब लम्रानी म्हणजे यजमानांचा लाडका शिष्य. आता स्वतः डॉक्टर झालाय, डोक्यावरचे केस गेलेत, तरी माझ्यासमोर आला की विद्यार्थीच, अजून मला आदरानं लल्ला, म्हणजे बाईसाहेब, म्हणतो. चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी तो संस्थेसाठी कागदांची यादी करायला वर गेला आणि अर्ध्या तासात तणतणत खाली आला.

"लल्ला, माझ्यामागे उस्तादांच्या कागदांच्या पेटीला कुणी हात लावला? परवा मी सगळं लावून ठेवलं होतं. आज बघतो तर एकूण एक कागद पालथा! सरळ करता करता मान मोडली माझी."

"मान मोडायला ती ताठ असावी लागते. सरबत घे."

"सरबत राहू द्या. शेवटची हिरवी वही नाहीये पेटीत."

माझ्या हातातला पेला खाली पडला. सून सलवा धावत आली. तिनं काचा गोळा करायला घेतल्या आणि मी जागेवरून हलले नाही.

"शुऐब, खरं बोल. तू वाचली होतीस ती?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. चोर नसलेला माणूस एवढा वेळ लावत नाही, असं मला तेव्हा वाटलं.

"शेवटची दोन पानं सोडून सगळी वाचली," तो म्हणाला. "उस्तादांनी लिहिलंय की पाणपोई जुनी नाही. पडलेल्या तुकड्याच्या मागच्या बाजूला सिमेंट होतं, त्यावर गोणपाटाचा ठसासुद्धा होता. उस्तादांनी त्या भागाच्या नक्षीचं चित्रही काढलंय. चित्र थोडं चुकलंय, नक्षी डावीउजवीकडे उलटीपालटी झालीय. वयाप्रमाणे हात चुकला असेल."

"आणि तुझं पुस्तक कशावर उभं आहे?"

"पाणपोईवरच," तो हळूच म्हणाला. "लल्ला, वही छापली तर उस्तादांच्या आधी मी बुडतो."

"मग पोहायला शीक. हे सगळं आणखी कुणाला सांगितलंस?"

तो खाली बघायला लागला. "चाळिसाव्याला, जेवताना. वर उस्तादांच्या खोलीत एका ताटावर आम्ही तिघंच होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, की उस्तादांनीच पाणपोई नकली ठरवलीय."

"तिघं कोण?"

"मी, हाज बुश्ता आणि मुअल्लिम हम्मान."

३

आमच्यात नवरा गेला की बाईनं चार महिने दहा दिवस पांढरं नेसायचं आणि उंबरा ओलांडायचा नाही. त्यामुळे मला चोराकडे जाता येत नव्हतं. चोरालाच माझ्याकडे आणणं भाग होतं. मी सलवाला निरोप देऊन पाठवलं.

हाज बुश्ता जुन्या वस्तूंचा व्यापारी. पडक्या घरांतलं जलीज काढून परदेशी गिऱ्हाइकांना विकतो. विकताना यजमानांचं पुस्तक उघडून दाखवतो, बघा, पाणपोईसारखंच आहे, म्हणजे सहाशे वर्षांचं. तो आला, गादीवर बसला, आणि बसल्या बसल्या माझ्या दिव्याची किंमत करायला लागला.

"दिव्याकडे नको बघू, माझ्याकडे बघ," मी म्हणाले. "जेवणानंतर वर कोण राहिलं होतं?"

"मी राहिलो होतो. पोट भरल्यावर मला डुलकी लागते, हे अख्ख्या फेझला ठाऊक आहे."

"आणि डुलकीत हात पेटीत गेला?"

तो मोठ्यानं हसला. "लल्ला बतूल, तुमची जीभ म्हणजे न्हाव्याचा वस्तरा! अहो, ती वही माझ्या धंद्याचं विष आहे, हे खरं. पण मी चोरली असती तर लपवली कशाला असती? परदेशात विकली असती."

"निर्लज्ज आहेस."

"आहे. पण खोटं बोलत नाही, निदान बायकांशी तरी. डोळा उघडला तेव्हा शुऐब नमाजाला खाली गेला होता, आणि तुमचा हम्मान पेटीपाशी उकिडवा बसला होता. मी विचारलं, काय रे? म्हणाला, सीदींचा निरोप घेतोय. डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी कूस बदलली."

तो गेल्यावर सलवा म्हणाली, "हम्मानकाका? त्यांना तर अक्षर येत नाही. चाळीस हिरव्या वह्यांतून त्यांना नेमकी ती कशी कळणार?"

तेच तर. हम्मान माझ्या वडिलांचा शेवटचा शागीर्द. पाणपोई झाली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. मला खांद्यावर बसवून गल्लीभर फिरवायचा. माझ्या लग्नात माझ्या भावांपेक्षा जास्त रडला तोच. वडील गेल्यावर त्यांची हत्यारं त्याच्याकडे गेली, कारण माझ्या भावांना ती उचलायचीही लाज वाटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपण होऊनच आला, हातात गरम गरम स्फेंजची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या कड्यांची, माळ घेऊन.

"हम्मान, वही गेली."

"कसली वही?" तो माळेची गाठ सोडत राहिला.

"सीदींची. तू पेटीपाशी बसला होतास म्हणे."

"बसलो होतो. त्यांच्या कागदांना शाईचा वास येतो. बतूल, मी काय वही वाचणार? मला दुकानाची पाटी वाचता येत नाही."

"तेही खरंच."

"गेली ते बरं झालं," तो एकदम म्हणाला. "मेलेल्यांना झोपू दे. तू खा, गार होतंय."

तो जिन्यानं खाली गेला आणि मी अर्धी स्फेंज हातात धरून बसले. हम्मान माझ्याकडून चहा न घेता गेला, असं पन्नास वर्षांत झालं नव्हतं.

४

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी संस्थेची माणसं येणार. सलवा आणि मी वरच्या खोलीत बसून शुऐबच्या यादीप्रमाणे कागद एकेक करून पेटीत भरत होतो. ती यादी वाचायची, मी कागद ठेवायची.

"लल्ला, खरं सांगा," सलवा मध्येच म्हणाली, "वही तुम्हीच नाही ना लपवलीत?"

"मी लपवली असती तर तुला सापडली असती का? वाच पुढचं."

"वाचते. पण तुम्हीही कागद पालथेच ठेवताय. शुऐब परत मान मोडून घेईल."

मी पेटीत बघितलं. खरंच. माझ्या हातानं वीस-पंचवीस कागद ठेवले होते, एकूण एक तोंड खाली करून. मला कळलंही नव्हतं.

वडिलांच्या कारखान्यात मी चालायला शिकले. जलीज लावणारा माणूस तुकडे असेच मांडतो, रंगाची बाजू जमिनीकडे आणि मातीची पाठ वर. नक्षी त्याला दिसतच नाही, ती डोक्यात असते. सगळे तुकडे पालथे मांडून झाले की पाठीवर चुना ओततात. वाळला की उचलून भिंतीला उभं करायचं, तेव्हा कुठे तोंड दिसतं. साठ वर्षं हे काम केलेला माणूस कागद हातात आला तरी पालथाच ठेवणार. त्याला ते विस्कटलेलं वाटत नाही. त्याच्या लेखी तीच नीट मांडणी. म्हणूनच तर पेटी बघून मलाही काही खटकलं नव्हतं.

बुश्तानं कागद फेकले असते. शुऐब मरता मरतासुद्धा सरळ ठेवेल.

"पण हम्मानकाकांनी वही कशी ओळखली?" मी हे सांगितल्यावर सलवानं विचारलं. ती हुशार आहे, माझ्या मुलाच्या मानानं फारच.

"चित्रावरून. शुऐबला ते उलटं वाटलं, कारण त्यानं जन्मभर भिंतीचं तोंड बघितलं. पाणपोई पाठीकडून कुणी बघितली होती? ज्यांनी मांडली त्यांनी. वडिलांनी आणि त्या चौदा वर्षांच्या पोरानं. यजमानांचा हात चुकला नव्हता, त्यांनी पाठच काढली होती. चाळीस वह्यांत ते एक पान हम्मानला आपल्या तळहातासारखं ओळखू आलं असणार."

मी उठले. "माझी चादर दे."

"लल्ला! पांढऱ्यात? बाहेर? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील ते मी चांगलं ऐकून घेईन. कान काही पांढऱ्यात बांधलेले नाहीत."

५

गल्लीत बायका कुजबुजल्या. लल्ला झहिरा नावाची शेजारीण तर खिडकीतून अर्धी बाहेर आली, "अगं बतूल, अजून जवळजवळ तीन महिने सरायचेत!" मी म्हणाले, "मोजत बस, मी येते तोवर." सलवा मागून हसू दाबत होती.

कारखाना तसाच होता. छिन्नीची टिकटिक, पाणी मारलेल्या मातीचा वास, आणि दारातून जिथपर्यंत ऊन यायचं तिथे वडिलांची बसायची जागा, रिकामी. मी क्षणभर दारातच थांबले. साठ वर्षं मागे गेले आणि परत आले.

हम्माननं मान वर केली. माझे पांढरे कपडे बघितले आणि त्याच्या हातातली छिन्नी थांबली. समोर जमिनीवर चौकटीत नक्षीचा हातभर भाग पालथा पडला होता. पाणपोईच्या पडलेल्या भागाची दुरुस्ती त्यालाच मिळाली होती. पाठीवर चुना ओतून झालेला, वाळत आलेला.

"हा कधी बसवणार?"

"उद्या सकाळी."

मी वाकले, बोटांच्या पेरांनी चुन्यावर ठोकत गेले. कड, कड, कड. मधे आवाज बदलला, भोपळ्यावर मारल्यासारखा आला. आणि मधे चुना चार बोटं जाड होता. माझ्या वडिलांनी असा जाड चुना ओतल्याबद्दल शागिर्दाला घमेलं उचलून मारलं असतं.

"हम्मान, तू वही भिंतीत गाडायला निघाला होतास?"

तो बसल्या जागी लहान झाला. "जाळायला धीर झाला नाही. लिहिलेला कागद, कुठेतरी अल्लाचं नाव असेलच. माझी आई असे कागद भिंतीच्या फटीत ठेवायची. मी म्हटलं, मुअल्लिमांच्याच भिंतीत ठेवू. तिथे सुखरूप राहील."

"आणि चोरली का?"

"तो शुऐब ताटावर बसून म्हणाला, पाणपोई नकली!" म्हातारा उसळला. "नकली? तुला आठवतं ना, अकरा महिने! एक तारा जमला नाही म्हणून मुअल्लिमांनी हातभर काम उखडलं होतं. मी तुकडे झेलायला उभा होतो. आणि आता पुस्तकात छापणार की मुअल्लिम थामी फसवणूक करणारा होता? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही."

"कुणी सांगितलं तुला तसं छापणार म्हणून?"

"नकली म्हणजे आणखी काय?"

"शुऐब गाढव आहे, त्यानं शब्द गाढवासारखा वापरला. सीदींनी त्यात वडिलांचं नाव घातलंय, हम्मान. मानानं घातलंय. मला स्वतः सांगून गेले. ते नाव कागदावर यावं म्हणून मी जन्मभर वाट बघितली आणि तू ते चुन्यात पुरलंस."

हम्माननं चौकटीकडे बघितलं. तीन आठवड्यांचं काम होतं ते. मग त्यानं माझ्या वडिलांचा हातोडा उचलला, बिस्मिल्ला म्हटलं आणि स्वतःच मारला.

६

वही मेणकापडात गुंडाळलेली होती. एका कोपऱ्याला ओल लागली होती, बाकी धड. सलवा जाऊन शुऐबला बोलावून घेऊन आली. तो धापा टाकत आला, फुटलेले तुकडे बघितले, हम्मानकडे बघितलं आणि शहाण्यासारखा वहीकडे हात केला.

"वाच. तू सोडलेली दोन पानं," मी म्हणाले.

तो तिथेच गोणपाटावर बसला आणि वाचायला लागला.

"'दर्ब सफ्साफची पाणपोई मुअल्लिम थामी यांच्या हातची आहे. तिला सहाशे वर्षांची ठरवण्यात मी चूक केली. मी वय शोधत राहिलो आणि हात ओळखला नाही. त्यांच्या काळात याहून चांगलं काम कुणी केलेलं मला माहीत नाही.'"

हम्मान हुंदके द्यायला लागला. माझ्याही डोळ्यांसमोरचा कारखाना पुसट झाला. पण शुऐब थांबला होता.

"पुढे?"

"पुढे विशेष काही नाही, लल्ला."

"शुऐब, मला हे वाचता येत नाही. पण अजून ओळी आहेत एवढं दिसतं."

त्यानं पान डोळ्यांजवळ धरलं. "'हे मला सोळा वर्षांपूर्वीच कळलं होतं. फ्रेंच कचेरीच्या जुन्या दप्तरात त्या कामाचा कागद मिळाला, त्यावर त्यांचं नाव होतं. मी तो परत दप्तरात ठेवून दिला. त्यानंतरही दर शुक्रवारी ते ताटातला मांसाचा चांगला तुकडा माझ्याकडे सरकवत राहिले आणि मी खात राहिलो. त्यांनाही माहीत आहे की मला माहीत आहे, असं कधी कधी वाटायचं. विचारायला धीर झाला नाही.'"

वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली. म्हणजे पाच वर्षं. पाच वर्षं ते दोघं समोरासमोर बसले, दोघांना ठाऊक होतं, आणि मधे पाण्याचं भांडं घेऊन मी उभी. मला वाटायचं, गुपित माझ्याकडे आहे. वडील जिवंत असताना यजमानांनी एकदा नाव घेतलं असतं तर त्या म्हाताऱ्यानं ऐकलं तरी असतं.

मी भिंतीला टेकले.

शुऐब म्हणाला, "लल्ला, पाणपोईबद्दलचं सगळं मी छापतो. माझं पुस्तक बुडालं तर बुडू दे. पण या शेवटच्या ओळी गाळू या. पाणपोई कुणाची हे सांगायला त्यांची गरज नाही. चूक कुणाचीही होते, लोक माफ करतात. कळूनही गप्प बसलेल्याला माफ करत नाहीत. उस्तादांचं नाव जाईल."

"तो बरोबर बोलतोय, बतूल," हम्मान डोळे पुसत म्हणाला. "सीदींना लोक नावं ठेवतील. आणि तू त्यांची बायको, अजून पांढऱ्यात आहेस."

चव्वेचाळीस वर्षं मी त्या माणसाच्या खोलीची धूळ पुसली. त्यांच्या कागदाचा एक कपटा कधी केरात जाऊ दिला नाही. पाहुणे निघाले की ते जिन्यावरून हाक मारायचे, बतूल, काय म्हणाले बघ, माझ्यासारखा माणूस नाही म्हणाले! आणि मी खालून म्हणायची, मग भाजी आणायला जा, तिथेही तुमच्यासारखं कुणी नाही. ती हाक मला अजून ऐकू येते.

"सगळं छाप," मी म्हणाले.

"लल्ला..."

"तुझ्या उस्तादांच्या बाजूनं बोलायला त्यांची अकरा पुस्तकं आहेत, शुऐब. माझ्या बापाला एवढं एकच पान आहे. त्यातलं अक्षर काढू नकोस."

त्यानं वही छातीशी धरली आणि मान हलवली. हम्मान खाली बसून फुटलेल्या तुकड्यांतले धड तुकडे वेगळे करायला लागला, आणि मी त्याच्या शेजारी बसले.